ऑइल बदललं, पण काडी तीन वेळा तीन गोष्टी सांगून राहिली

धुऱ्यावरचा (दारव्हा तालुका, यवतमाळ)

नमस्कार मंडळी. प्रश्न लहान आहे, पण गोष्ट पूर्ण सांगतो. मधातलं काही गाळलं तर तुम्ही नेमकं तेच विचाराल.

गाडी स्प्लेंडर, २०१४ ची, ७८ हजार किलोमीटर झालेली. आमच्या घरी ही गाडी कमी अन् बंडी जास्त. युरियाच्या दोन गोण्या टाकल्या की ९० किलो तिथंच झाले, त्यावर मी. शिवाय ढेपेचं पोतं, फवारणीचा पंप, दुधाची कॅन, अन् बाजाराच्या दिवशी येताना थैल्यांसकट बायको. वावर घरापासून चार किलोमीटर. त्यातले अडीच पांदणीचे, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रेटत न्यायचे. म्हणून आमच्या गाडीत ऑइल मीटरवरच्या आकड्याच्या आधीच काळं पडते.

दर वेळी एका गॅरेजात बदलून घ्यायचो. मागच्या वेळी तिथल्या पोट्ट्यानं साइड स्टँडवरच जुनं ऑइल सोडलं, मोबाइल कानाला लावून नवा डबा उपडा केला अन् झाकण लावून दिलं. ऑइल मोजायची काडी पुसणं नाही, पाहणं नाही. तेव्हाच ठरवलं, पुढच्या वेळी आपणच. त्यात मृगाच्या तोंडावर गॅरेजात नंबर लागेपर्यंत अर्धा दिवस जाते, अन् इकडे बियाणं घरात येऊन पडलेलं.

परवा सकाळी अंगणात बसलो. १७ चा पाना, खाली अर्धी कापलेली पाच लिटरची कॅन. गाडी थंडीच होती. बोल्ट काढला, काळं ऑइल निघालं, पण धारेला जोर नव्हता. दहा मिनिटं थेंब पडू दिले. मग लिटरच्या पाण्याच्या बाटलीत ओतून पाहिलं तर साडेसहाशे अन् सातशेच्या मधात. दुकानात ९०० मिलीचा डबा नव्हता, एक लिटरचाच भेटला, १०डब्ल्यू-३० जाडीचा.

अंदाजे पाऊण डबा टाकला अन् काडी पाहिली. गाडी साइड स्टँडवर. काडीच्या टोकाला नुसती ओल, खालच्या खुणेच्याही खाली. म्हटलं अजून पाहिजे. टाकलं. आता कुठं खालच्या खुणेला लागलं. म्हटलं उरलेलं तरी ठेवून काय करायचं, डबा रिकामा केला. मग पोट्टा म्हणाला (माझाच, आयटीआयला आहे, पण इलेक्ट्रिशियनला), बाबा, डबल स्टँडवर लावून पाहा. लावली. काडीचे आटे पूर्ण फिरवून बसवली, काढली, तर ऑइल वरच्या खुणेच्या चांगलं वर! म्हटलं हे कसं? तिसऱ्यांदा आटे न फिरवता काडी नुसती टेकवली. तरी वरच्या खुणेच्या वरच, पण आधीपेक्षा कमी.

गाडी तीच, ऑइल तेच, अन् उत्तरं तीन.

डोकं चालेना म्हणून तशीच चालवली. दोन दिवसांत साठेक किलोमीटर. काल संध्याकाळी वावरातून येताना मागून येणारा शेजारी म्हणाला, तुमची गाडी निळा धूर मारून राहिली. आज पाहिलं तर एअर फिल्टरच्या डब्याखाली ती बुच लावलेली बारीक नळी असते ना, तिच्यात ऑइल उतरलेलं.

आता सांगा. तीनपैकी कोणती काडी खरी? जास्तीचं ऑइल काढायचं कसं? खालचा बोल्ट ढिला केला तर सगळंच वाहून जाईल अशी भीती वाटते. अन् साठ किलोमीटरमध्ये इंजिनाचं काही वाटोळं झालं असंल का?

---

सतरा नंबर पाना (दर्यापूर)

भाऊ, पह्यले ते गाडी उभी करा. साठ किलोमीटरमंधी इंजिन मेलं नसन, पण आणखी साठ करू नका.

तुमच्या तिन्ही काड्या बराबर हायेत, फक्त तिघींले तुमी येगयेगळा प्रश्न इचारला. या गाडीत काडी इंजिनाच्या उजव्या अंगाले. साइड स्टँडवर गाडी डावीकडं कलते, मंग अंदरचं ऑइल बी डावीकडं पयते. काडीच्या बाजूले कमी दिसन नाई तं काय! बारा आणे गिऱ्हाईक इथंच फसते. कमी दिसलं म्हून ओततात, ओततात, अन् मंग दुकानात येऊन म्हनतात, भाऊ, धूर मारून राह्यली.

दुसरी काडी, आटे फिरवून. आटे फिरवले का काडी तेवढी अंदर जाते, मंग ऑइलात जास्त बुडते, मंग जास्त दिसते. आपल्या स्प्लेंडरमंधी काडी नुसती टेकवाची. फिरवाची नाई. पन हे समद्या गाड्याईले लागू नाई बरं. काही कंपन्याच्या पुस्तकात फिरवून पाहा असं बी राह्यते. म्हून ज्याची गाडी त्यानं त्याचं पुस्तक पाहाचं.

म्हंजे तिसरी काडी खरी, पन ते बी अर्धी. तुमी नवं ऑइल टाकल्यावर गाडी सुरू करून पाह्यली नाई. ऑइल नुसतं खाल्तं जमा होतं. इंजिन फिरलं का पंप ते वर्त इंजिनाच्या डोक्यात (हेडमंधी) नेते, क्लचच्या बाजूचा जो फिरता फिल्टर हाये तो भरते, मंग खालची लेवल थोडी उतरते. म्हून रीत अशी: डबल स्टँड, सपाट जागा, तीन मिनिटं सुरू ठेवाची रेस न देता, बंद कराची, तीन मिनिटं थांबाचं. मंग काडी काढाची, पुसाची, टेकवाची, पाहाची. बंद केल्या केल्या लगेच पाह्यली तं वर्तचं ऑइल खाल्तं आलेलं नसते, मंग पुन्हा कमी दिसते अन् पुन्हा डबा हातात!

अन् थंड्या गाडीचं ऑइल सोडलं ना तुमी, तिथंच पह्यली चूक. थंडं ऑइल जाडं राह्यते, कोन्याकोपऱ्यात चिपकून राह्यते. दोन-तीन किलोमीटर फिरवून आणाची, कोमट करून सोडाची, गाडी सरळ उभी करून. तुमचं पावणेसातशे निघालं म्हंजे जुनं थोडं अंदरच राह्यलं, अन् त्याच्यावर तुमी अख्खा लिटर टाकला. हिशोब तुमीच करा.

आता काढाचं कसं. बोल्ट ढिला करून धार सोडनं होते, मी रोज करतो, पन तुमाले सांगनार नाई. बोल्ट हातातून सुटते, गरम ऑइल मनगटावर येते, अन् पाहिजे त्याच्याहून जास्त जाते. त्याच्यापेक्षा मोठी सिरिंज घ्या, ५० मिलीची, तिले सलाइनची नळी लावा. काडीच्या भोकातून सोडा. जिथं काडी पोचते तिथं नळी पोचतेच. इंजिन बंद पाहिजे, अन् नळी अंदर तुटून राह्यली नाई पाहिजे, एवढं सांभाळा. एकदम काढू नका. पन्नास काढा, पाहा. पन्नास काढा, पाहा.

---

संत्र्याचा_बगीचा (वरुड)

एवढं घाबरण्यासारखं काही नाही दादा. मी दहा वर्षांपासून शंभर सीसीच्या गाडीत पूर्ण एक लिटर टाकतो. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, ऑइल थोडं जास्त असलं तर इंजिन थंड राहते. कमी असण्यापेक्षा जास्त असलेलं कधीही बरं. जास्त खाल्ल्यानं कोणी मरत नाही, उपाशी मरते.

---

सतरा नंबर पाना (दर्यापूर)

वरुडवाले भाऊ, कमी ऑइल वाईट, हे तुमचं शंभर टक्के खरं. पंपानं हवा ओढली का वर्तचा कॅम अन् रॉकर (वॉल्व्ह उघडनारे भाग) कोरडे घासतात, तिथून आवाज सुरू होते तो बंद होत नाई. पन म्हून जास्त बरं, हे काही पटलं नाई.

तुमच्या आईनं ताक घुसळलं असन. डेरा गळ्यापावतर भरून कोनी घुसळते का? रई फिरवली का फेसच फेस, अन् ताक बाहीर. इंजिनात रईच्या जागी क्रँक, म्हंजे पिस्टनच्या जोरानं फिरनारा दांडा हाये, मिनिटाले हजारो फेरे मारते. ऑइल त्याच्यापावतर चढलं का तो त्याले मारते, फेस होते. फेस म्हंजे हवा. पंपानं हवा वर्त नेली तं कॅमले काय भेटन? म्हंजे जास्त टाकून बी कोरडंच. इंजिन थंड तं राहत नाईच, ऑइलाले ढोसत ढोसत फिराव लागते म्हून जास्त तापते, अन् पेट्रोल बी खाते.

अन् इंजिनातल्या हवेले बाहीर जाले एक नळी राह्यते, ते सिधी एअर फिल्टरच्या डब्यात जाते. जास्तीचं ऑइल त्याच वाटेनं चढते. धुऱ्यावरच्या भाऊच्या नळीत जे उतरलं ते हेच. तिथून कार्बोरेटर, तिथून सिलिंडर, अन् मंग निळा धूर. दहा वर्ष तुमची गाडी चालली, देवाची कृपा. एखाद्या दिवशी फिल्टरचा डबा उघडून पाहा फक्त.

धुऱ्यावरचे भाऊ, तुमी बी फिल्टर पाहा. कागदी असन अन् ऑइलानं भिजला असन तं धुवाचा नाई, नवा टाकाचा. फोमवाला असन तं धुऊन, वाळवून चालते. नळीचं बुच काढून जमा झालेलं ऑइल सोडून द्या.

---

निवृत्त मास्तर (साकोली, भंडारा)

दोघांचंही वाचलं. माझी स्वतःची फजिती सांगतो, ती याच जातीची आहे.

माझ्याकडे १९८६ ची बुलेट होती, जुन्या बिडाच्या इंजिनाची. त्या इंजिनात गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं अन् इंजिनाचं वेगळं. इंजिनाच्या ऑइलची टाकी खालच्या चेंबरमध्येच, पण क्रँकपासून भिंत घालून निराळी केलेली. गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली की टाकीतलं ऑइल पंपातून हळूहळू झिरपत क्रँकच्या बाजूला उतरायचं. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गावी धान कापणीला गेलो. परत आल्यावर काडी पाहिली, कोरडी. माझ्या पोटात गोळा आला. ऑइल गेलं कुठं? जमिनीवर एक डाग नाही. अर्धा लिटर ओतलं, काडी समाधानकारक दिसली, किक मारली. पाच मिनिटांत ब्रीदरच्या नळीतून ऑइल चेनवर, चेनवरून मागच्या चाकावर, अन् चाकावरून माझ्या पांढऱ्या पायजम्यावर. शाळेत तसाच गेलो, कारण पहिला तास माझाच होता.

ऑइल कुठंच गेलं नव्हतं, फक्त काडी पोहोचत नव्हती त्या बाजूला बसलं होतं. गाडी पाच मिनिटं चालू ठेवली असती तर पंपानं ते टाकीत परत आणून दिलं असतं. तेव्हापासून उभ्या राहिलेल्या गाडीची काडी पाहून मी थेंबभरही ऑइल टाकलेलं नाही. आधी सुरू करायची, मग पाहायची.

आता पुतण्याकडे नवीन बुलेट आहे. तिला काडीऐवजी काचेची खिडकी दिली आहे, पल्सरलाही असते तशी. त्याला वाटतं खिडकी असली म्हणजे चूक होणार नाही. परवा साइड स्टँडवर वाकून खिडकीत पाहत होता. मी काही बोललो नाही, फक्त जाऊन गाडी सरळ धरली. "काका, आता दिसून राहिलं," म्हणाला.

धुऱ्यावरच्या साहेबांना एक विचारायचं होतं. तुमचं अंगण सपाट आहे का? आमच्या गावाकडची अंगणं पाणी जायला मुद्दाम उतरती केलेली असतात.

---

धुऱ्यावरचा

गुरुजी, तुम्ही नेमकी दुखती जागा दाबली. अंगण सपाट नाही. गोठ्याकडून नालीकडं उतार आहे, शेणपाणी जायला. मी गाडी ज्या तोंडानं लावतो त्या तोंडानं उतार उजवीकडं येते, म्हणजे डबल स्टँडवर पाहिलेली काडीही थोडं जास्तच दाखवत असणार. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

काल दिवसभर हेच केलं, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिले सपाट जागा शोधली. स्टीलची थाळी घेतली, तिच्यात बोटाच्या पेराइतकं पाणी टाकलं अन् ठेवत गेलो. पाणी सगळ्या काठाला सारखं लागलं तर जागा सपाट. ओसरी नापास. मारुतीच्या देवळासमोरची फरशी दिसायला सपाट, पण पाणी पिंपळाकडं पळे. ग्रामपंचायतीपुढचा सिमेंट रस्ता दोन्ही बाजूंनी उतरता. शेवटी शाळेचा व्हरांडा पास झाला. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते, म्हणून व्हरांडा रिकामा होता. एक पायरी आहे, तिच्यावर फळी टाकून गाडी चढवली. तोवर आठ-दहा लेकरं जमली अन् एक म्हातारबा. त्यांना वाटलं गाडीची पूजा आहे, थाळी पाहून.

सुरू केली, मोबाइलवर तीन मिनिटं लावली. बंद केली, तीन मिनिटं थांबलो. ही दुसरी तीन मिनिटं बम लांब वाटतात. हात झाकणाकडंच जाते.

काडी पुसताना एक धडा भेटला. घरी कापूस काही कमी नाही, म्हणून कापसाच्या बोळ्यानं पुसत होतो. काडीच्या टोकाला जी जाळीसारखी रेघारेघांची खूण असते, तिच्यात तंतू अडकून बसतात अन् ऑइल कुठपर्यंत आलं ते धड दिसत नाही. आयुष्यभर कापूस पिकवणाऱ्याचं ऐका, काडी जुन्या धोतराच्या तुकड्यानं पुसा.

काडी टेकवून पाहिली. वरच्या खुणेच्या वर, चांगली गव्हाच्या दाण्याएवढी. सपाट जागेवर, सगळ्या रीतीनं. म्हणजे जास्त होतंच.

सिरिंज कुठून आणली ते सांगतो. फेब्रुवारीत गाय व्याली अन् दुसऱ्या दिवशी बसली ती उठेना. डॉक्टर साहेबांनी कॅल्शियमची बाटली शिरेतून लावली होती. ती नळी बायकोनं धुऊन ठेवलेली, का ठेवली तिलाच माहीत. ५० ची सिरिंज मेडिकलमधून आणली. नळीचं सुईकडचं टोक कापून टाकलं.

पहिली सिरिंज ओढली, ५० मिली. ऑइल कोमट असल्यामुळं आलं, पण हळू आलं. नुसता हवेचा बुडबुडा आला की नळी जरा खाली करायची. पाहिली काडी, अजून वर. दुसरी ५०. आता खुणेवर. तिसरी ओढून खुणेच्या किंचित खाली आणलं अन् थांबलो. म्हणजे शंभर मिली जास्त होतं, काढलं १५०. एका चहाच्या कपाचा फरक, अन् त्यापायी एवढा धूर.

काढलेलं ऑइल नवंच होतं, पण दोन दिवसांतच तांबूस झालं. जुनं अंदर राहिलेलं मिसळलं असंल. बाटलीत भरून, चिठ्ठी लावून फळीवर ठेवलं, पुढं कमी पडलं तर टाकायला. चिठ्ठी यासाठी की मागं आमच्याकडं एकदा बाटलीची अदलाबदल होऊन दिव्यात भलतंच तेल पडलं होतं.

फिल्टर कागदी निघाला, खालची बाजू भिजलेली. नवा टाकला.

अन् गाडीचं पुस्तक सापडलं. पेटीत सातबारा अन् पासबुकाच्या खाली होतं, प्लास्टिकची पिशवीही काढलेली नव्हती. त्यात ऑइलचे आकडे दोन दिलेले आहेत, हे कोणाला माहीत होतं? एक ऑइल बदलताना टाकायचा, दुसरा इंजिन पूर्ण खोलून जोडल्यावर टाकायचा, तो मोठा. इंजिन खोललं की कोपरान्‌कोपरा कोरडा होते म्हणून जास्त लागते. मला वाटते लोक मोठा आकडाच पाहतात अन् तोच पाठ करतात. आकडे मी मुद्दाम इथं लिहीत नाही. मॉडेल बदललं की आकडे बदलतात, अन् कोणीतरी माझे वाचून दुसऱ्याच गाडीत ओतंल.

पाना दादा, पुढच्या वेळी छोट्या आकड्याहूनही थोडं कमी टाकून, सुरू करून, पाहून मग वाढवलं तर चालंल ना?

---

दवाखान्याची गाडी (धारणी)

धुऱ्यावरचे दादा, मी नर्स आहे म्हणून आधी तेवढंच सांगते. ती सिरिंज अन् नळी आता गायीच्या जवळसुद्धा जाऊ देऊ नका. बायको पुन्हा धुऊन ठेवतील. वाटल्यास नळीला रंग लावा अन् ऑइलच्या डब्यासोबत बांधून ठेवा.

माझा प्रश्न वेगळा आहे. माझी स्कूटर आहे. मेळघाटात उपकेंद्राच्या गावांना फिरते, सगळा चढउतार. आमच्याकडं सपाट जागा म्हणजे दवाखान्याची खोली, ती तेवढी टाइल्सची आहे. स्कूटरलाही हीच रीत लागू होते का? अन् घरी भावाच्या मोटरसायकलचं ऑइल अर्धा डबा उरलं आहे, ते टाकलं तर चालेल का?

---

सतरा नंबर पाना (दर्यापूर)

ताई, खोलीत गाडी सुरू करू नका, धूर कोंडते. बाहीर सुरू करा, बंद करून अंदर घ्या, डबल स्टँडवर लावा, मंग थांबून काडी पाहा. बाकी रीत तेच, पन टेकवाची का फिरवाची ते तुमच्या पुस्तकात पाहून घ्या. स्कूटरच्या इंजिनात ऑइल थोडकंच बसते, म्हून शंभर मिलीची चूक तिथं मोटरसायकलपेक्षा जास्त नडते. अन् मांगच्या चाकाजवळ गिअरचं ऑइल येगळं राह्यते, त्याचा बोल्ट येगळा. बरेच जन तो खोलून बसतात.

उरलेल्या ऑइलाचं असं हाये. डब्यावर जासो (ऑइलाचं जपानी मानक) एमए का एमबी लिहिलेलं राह्यते. मोटरसायकलचा क्लच इंजिनाच्याच ऑइलात बुडलेला राह्यते, म्हून तिले एमए लागते, नाई तं प्लेटा घसरतात. स्कूटरचा क्लच कोरडा, पट्ट्याच्या बाजूले, म्हून तिले बहुतेक एमबी सांगतात. एमए टाकल्यानं स्कूटरचा क्लच काही बिघडत नाई, पन पुस्तकात जे जाडी अन् जे नाव हाये तेच टाका. उलटं मात्र कराचं नाई, म्हंजे स्कूटरचं ऑइल भावाच्या गाडीत बिलकुल नाई. कारचं बी नाई. आमच्याकडं एक जन ट्रॅक्टरचं उरलेलं टाकून आला होता. गाडी चढावर नुसती भुंगा करे, पुढं जाये नाई.

धुऱ्यावरचे भाऊ, हाव, तसंच कराचं. कमी टाकून वाढवनं सोपं, जास्त टाकून काढनं म्हंजे तुमची थाळी अन् शाळा. दोन्ही खुनांच्या मधात कुठं बी असलं तं चालते, वरच्या खुनेले चिकटवाचा हट्ट नाई पाहिजे. तुमचं ओझं पाहता वरच्या खुनेच्या जवळ ठेवा, बस.

एक राह्यलं. खालच्या बोल्टचा वायसर बदलला का? तो चपटा झाला का एकदा दाबला गेला, पुन्हा धड बसत नाई. मंग झिरपते, मंग लोक पाना पायानं दाबतात, अन् चेंबर हाये अल्युमिनियमचं. आटे मेले का हजाराची गोष्ट. हातानं आवळाचा, मनगटाच्या जोरानं, खांद्याच्या नाई.

अन् धूर बंद झाला का ते सांगा. बंद झाला नसन तं तो धूर ऑइल जास्तीचा नोहय. सकाळी पह्यल्या किकले थोडा मारून बंद होत असन तं वॉल्व्हचे सील. रेस देल्यावर, चढावर मारत असन तं पिस्टनच्या रिंगा. ७८ हजारात दोन्ही होऊ शकते.

---

संत्र्याचा_बगीचा (वरुड)

फिल्टरचा डबा उघडला. खाली चांगलं वाटीभर ऑइल. बाकी काही बोलत नाही.

---

धुऱ्यावरचा

उशिरा लिहितो, माफ करा. पेरणी होती. पहिल्या पावसावर सरकी लावली, मग बारा दिवस ओढ दिली पावसानं, अर्ध्या वावरात दुबार लावावी लागली. त्यात गाडीचे पाचशे किलोमीटर झाले.

काल पुन्हा शाळेच्या व्हरांड्यात नेली. आता शाळा सुरू झाली, म्हणून रविवारी. गुरुजी, आमच्या शाळेच्या सरांनीही त्यांची गाडी आणली होती, त्यांना थाळीचा प्रयोग दाखवला. त्यांच्या गाडीची काडी कोरडी निघाली, अगदी टोकालाही ओल नाही. त्यांनी गेल्या वर्षी कधीतरी बदललं होतं म्हणे. माझी चिठ्ठी लावलेली बाटली त्यांच्याच कामी आली, पण १५० मध्ये ती खालच्या खुणेलाही लागली नाही. त्यांना म्हटलं, गाडी इथंच राहू द्या, डबा आणा.

माझी काडी वरच्या खुणेच्या खाली दोन दाणे. पाचशे किलोमीटरमध्ये एवढं उतरणं जुन्या गाडीला चालते का, पाना दादा?

चढावर आता धूर नाही. रिंगा ठीक दिसतात. पण सकाळी पहिल्या किकला एक निळा लोट येते अन् मिनिटभरात बंद होते. म्हणजे तुम्ही म्हणता तसे सील. कापूस विकल्याशिवाय त्याचं नाव काढत नाही, तोवर दर पंधरा दिवसांनी काडी पाहीन.

बोल्टाच्या खाली एक थेंब दिसला होता. पायानं पाना दाबला नाही, तुमची शपथ. वायसर दारव्ह्यात भेटला. दोन घेतले.